अकरावीत किती एपी घ्यावेत? अमेरिकेतील चुरशीच्या विद्यापीठांचे प्रवेश आणि हायस्कूलच्या मुलांवरचा भार

केवडा

आमची मुलगी न्यू जर्सीतील एका पब्लिक हायस्कूलमध्ये दहावीत आहे. अकरावीचे विषय या महिनाअखेरीस शाळेला कळवायचे आहेत आणि त्यावरून आमच्या घरी रोज रात्री जेवणानंतर चर्चा रंगते. तिने तीन एपी (अॅडव्हान्स्ड प्लेसमेंट, म्हणजे हायस्कूलमध्येच घ्यायचे कॉलेज स्तरावरील विषय) निवडले आहेत: बायोलॉजी, इंग्लिश लँग्वेज आणि कॅल्क्युलस एबी. तिच्या मैत्रिणींपैकी बहुतेकींनी पाच घेतले आहेत, एकीने सहा. तिच्या बाबांचे म्हणणे असे की अमेरिकेचा इतिहास आणि फिजिक्स हेही एपी स्तरावरच घ्यावेत, कारण समोर उपलब्ध असलेले अवघड विषय मुलाने घेतले की टाळले, हेच प्रवेश समिती सर्वांत आधी पाहते.

मुलगी मेहनती आहे, त्याबद्दल शंका नाही. शनिवारी सकाळी ती इथल्या ओढ्याचे पाणी तपासणाऱ्या गटाबरोबर जाते. गमबूट घालून पाण्यात उतरायचे, दगड उलटून त्याखालच्या किड्यांच्या अळ्या पांढऱ्या ट्रेमध्ये गोळा करायच्या, कोणत्या जातीच्या किती सापडल्या याची नोंद करायची आणि त्यावरून पाणी कितपत स्वच्छ आहे ते ठरवायचे, हे काम ती आठवीपासून करते आहे. रविवारी ती मराठी शाळेत लहान मुलांना वाचायला शिकवते. पाच एपी घेतले तर यांपैकी एक तरी सुटेल, हे तिने स्वतःच आम्हाला सांगितले.

चुरशीच्या विद्यापीठात जागा मिळवण्यासाठी हायस्कूलची चारही वर्षे अशी ठासून भरावीच लागतात का? ज्यांची मुले यातून गेली आहेत त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

शेवंती

तीन पुरेसे आहेत, आणि ओढ्याचे काम मुळीच सोडू देऊ नका. बाकीचे रात्री निवांत लिहिते.

पाऊलवाट

केवडा, मी मॅसॅच्युसेट्समधील एका पब्लिक हायस्कूलमध्ये काउन्सेलर, म्हणजे मुलांना विषयनिवड आणि कॉलेज प्रवेशाचे मार्गदर्शन करणारी, म्हणून काम करते, त्यामुळे अर्जाची दुसरी बाजू थोडी सांगू शकेन.

प्रत्येक अर्जासोबत शाळेकडून एक माहितीपत्रक जाते. शाळेत कोणते एपी उपलब्ध आहेत, गुण कसे दिले जातात, मुले पुढे कुठे जातात, हे सर्व त्यात असते. त्याशिवाय काउन्सेलरला एका प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते: याच शाळेतून कॉलेजला जाणाऱ्या इतर मुलांच्या तुलनेत या विद्यार्थ्याची विषयनिवड किती अवघड आहे? सर्वांत अवघड, खूप अवघड, अवघड, सर्वसाधारण, अशा पायऱ्यांपैकी एका पायरीवर खूण करायची असते. म्हणजे तुमच्या मुलीची तुलना प्रामुख्याने तिच्याच शाळेत जे उपलब्ध आहे त्याच्याशी होते. ज्या शाळेत सहाच एपी आहेत तिथल्या मुलाने चार घेणे आणि ज्या शाळेत पंचवीस आहेत तिथल्या मुलाने चार घेणे, या दोन गोष्टी वाचणाऱ्याला वेगळ्या दिसतात. त्यामुळे तुमच्या बाबतीत आकड्याचे उत्तर इथे आम्ही देण्यापेक्षा तुमच्या शाळेचा काउन्सेलरच नेमके देऊ शकेल. त्याला भेटून, या निवडीवर तुम्ही कोणत्या पायरीवर खूण कराल, असे सरळ विचारा. हा प्रश्न विचारण्यात काहीही गैर नाही.

दुसरा मुद्दा संख्येचा. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाने चॅपल हिल येथील आपल्याच विद्यार्थ्यांच्या गुणांचा अभ्यास केला होता. हायस्कूलमध्ये घेतलेल्या कॉलेज स्तरावरील विषयांची संख्या पाचपर्यंत वाढत जाते तोवर पहिल्या वर्षाचे गुणही वाढताना दिसतात, त्यापुढे मात्र काही विशेष फरक पडत नाही, असे त्यातून दिसले. हे पाच विषय एका वर्षातले नव्हेत, हायस्कूलच्या सगळ्या वर्षांचे मिळून आहेत. आपल्या घरांतल्या चर्चेत मात्र एकट्या अकरावीत पाच, असा हिशेब चालतो.

उपक्रमांविषयी एवढेच सांगते की कॉमन अॅपमध्ये, म्हणजे अनेक विद्यापीठांना चालणाऱ्या सामाईक अर्जात, उपक्रमांसाठी दहा रकाने असतात आणि प्रत्येकाच्या वर्णनाला १५० अक्षरे मिळतात. दहा रकाने दिसले की पालकांना ते भरलेच पाहिजेत असे वाटू लागते. एमआयटीचा अर्ज स्वतंत्र असतो आणि त्यात उपक्रमांसाठी जागा फक्त चार. सतत तीन-चार वर्षे केलेले ओढ्याचे काम चार रकान्यांतही उठून दिसते.

नांदेडकर

पाऊलवाट यांचा प्रतिसाद अभ्यासपूर्ण आहे, पण तो खाजगी विद्यापीठांना अधिक लागू पडतो. आम्ही टेक्ससमध्ये राहतो आणि इथे हिशेब वेगळा आहे.

१९९७ च्या कायद्याने टेक्ससमधील हायस्कूलच्या वरच्या १० टक्के मुलांना सरकारी विद्यापीठांत आपोआप प्रवेश मिळू लागला. ऑस्टिनच्या विद्यापीठावर इतका ताण आला की तिथे ही मर्यादा खाली येत ६ टक्क्यांवर आली आणि २०२६ च्या फॉल (शरद) सत्रापासून ती ५ टक्के केली आहे. वर्गातला हा क्रमांक बहुतेक शाळांत वेटेड जीपीएवर, म्हणजे विषयाच्या काठिण्याप्रमाणे भारांक देऊन काढलेल्या सरासरी गुणांवर, ठरतो. एपीला जास्त भारांक, ऑनर्सला त्याहून कमी, साध्या विषयाला सर्वांत कमी. ज्या मुलाने ऑर्केस्ट्रासारखा भारांक नसलेला विषय चार वर्षे आवडीने घेतला, तो सगळीकडे ए मिळवूनही क्रमांकात मागे पडतो. अशा व्यवस्थेत आई-वडिलांनी मुलाला कमी एपी घे म्हणणे म्हणजे त्याच्या हातचा हमखास प्रवेश घालवणे आहे. शिवाय प्रवेश आपोआप मिळाला तरी कॉम्प्युटर सायन्स किंवा इंजिनिअरिंगची शाखा मिळेलच असे नसते, त्यासाठी पुन्हा वेगळी चुरस असते.

म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की भार कमी करा हा सल्ला सरसकट देऊ नये. तुमचे राज्य कोणते, विद्यापीठ कोणते आणि ते कोणती मोजपट्टी लावते, हे आधी पाहावे.

शेवंती

नांदेडकर यांचा मुद्दा रास्त आहे. त्यांच्याच रीतीने मी कॅलिफोर्नियाचा हिशेब मांडते, कारण इथे तो उलट दिशेने जातो.

युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया (युसी) जीपीए काढताना फक्त दहावी आणि अकरावीचे गुण धरते. एपी किंवा ऑनर्सचा जादा गुण जास्तीत जास्त आठ सेमिस्टरना मिळतो (वर्षभराचा एक विषय म्हणजे दोन सेमिस्टर), आणि त्यांतही दहावीची चारच सेमिस्टर धरली जातात. म्हणजे वर्षभराचे चार विषय झाले की अधिकृत सरासरीतला फायदा तिथेच थांबतो. अर्ज वाचणारे पुढचे विषय पाहतात हे खरे, पण पाचवा-सहावा एपी घेऊन जीपीए वाढत राहील, ही आमच्याकडच्या पालकांची समजूत बरोबर नाही. एसएटी या कॉलेज प्रवेशाच्या देशव्यापी परीक्षेचे गुण तर युसी पाहतच नाही. त्याऐवजी आठ प्रश्नांपैकी चारांची उत्तरे, प्रत्येकी ३५० शब्दांत, लिहावी लागतात. ज्या मुलाकडे मोकळा वेळच नव्हता त्याला ही उत्तरे लिहिताना काय लिहावे ते सुचत नाही. माझ्या थोरल्याबरोबर मी टेबलाशी बसले होते तेव्हा हे डोळ्यांनी पाहिले. दर आठवड्याला सायकली दुरुस्त करून देणाऱ्या गटात तो जायचा, त्याबद्दल त्याने एका बैठकीत लिहिले. ज्या तीन क्लबांत केवळ नाव घातले होते, त्यांच्याविषयी दोन वाक्येही पुढे सरकली नाहीत.

धाकट्याची गोष्ट याहून वेगळी आहे. त्याला हायस्कूलचा वेग मानवला नाही. त्याने दोन वर्षे कम्युनिटी कॉलेजमध्ये (दोन वर्षांच्या स्थानिक सरकारी कॉलेजमध्ये) काढली आणि तिथून तो युसी डेव्हिसला गेला. युसीच्या सहा कॅम्पसांत, म्हणजे डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा आणि सँटा क्रूझ येथे, कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजमधून ठरलेले विषय आणि ठरलेले गुण मिळवून आलेल्यांना हमीचा प्रवेश आहे. बर्कली आणि लॉस एंजेलिस त्यात नाहीत, तरी त्याही ठिकाणी कम्युनिटी कॉलेजमधून दरवर्षी मुले जातात. पदवीवर कुठेही लिहिलेले नसते की हा मुलगा तिसऱ्या वर्षी आला. आपल्या मंडळाच्या कार्यक्रमात मात्र कम्युनिटी कॉलेज म्हटले की समोरचा माणूस लगेच सांत्वनाच्या सुरात बोलू लागतो. हे थांबायला हवे असे मला मनापासून वाटते.

मृण्मयी_आर

केवडा काकू, मी आता रटगर्समध्ये, म्हणजे न्यू जर्सीच्या सरकारी विद्यापीठात, दुसऱ्या वर्षाला आहे, म्हणजे तुमच्या मुलीच्या जागी मी अगदी अलीकडेच होते. अकरावीत मी पाच एपी घेतले होते. ते कोणी लादले नव्हते, सगळ्यांनी घेतले म्हणून मीही घेतले.

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये काही वाटत नाही. नोव्हेंबरपासून प्रत्येक विषयाच्या युनिट टेस्ट एकाच आठवड्यात येऊ लागतात, कारण कोणत्याच शिक्षकाला दुसऱ्याचे वेळापत्रक माहीत नसते. मे महिन्यात सगळ्या एपी परीक्षा दोन आठवड्यांत असतात. त्याआधी मार्चमध्ये एसएटी. मला केमिस्ट्री फार आवडायची, पण त्या वर्षी प्रयोगाचा अहवाल लिहिताना माझ्या मनात फक्त एवढेच असायचे की हा संपला की इतिहासाचे वाचन सुरू करता येईल. प्रयोगात जे दिसले त्यावर विचार करायला मला वेळच नव्हता. प्रवेशाच्या दृष्टीने ते वर्ष यशस्वी झाले, पण केमिस्ट्रीची ओढ पुन्हा लागायला कॉलेजचे पहिले वर्ष जावे लागले.

आणखी एक गोष्ट कोणी सांगत नाही म्हणून लिहिते. एपीमध्ये पाचपैकी ५ गुण मिळाले की कॉलेजमध्ये त्या विषयाचे क्रेडिट मिळते, तो पुन्हा घ्यावा लागत नाही आणि पैसे वाचतात, असे घरी सांगितले जाते. सरकारी विद्यापीठांत ते बरेचसे खरे आहे आणि मलाही त्याचा उपयोग झाला. पण ज्या विद्यापीठांसाठी एवढी धडपड चालते, त्यांतल्या काहींत तसे नाही. कॅलटेक एपीचे क्रेडिट देत नाही, डार्टमथने ते द्यायचे केव्हाच बंद केले आहे. त्यामुळे कोणता एपी कशासाठी घेतो आहोत, हे आधी तपासावे.

बालवैद्य

मृण्मयीने लिहिलेले वर्णन माझ्या दवाखान्यात येणाऱ्या मुलांच्या तोंडून मी नेहमी ऐकतो. पोटदुखी, डोकेदुखी, सकाळी उठवत नाही, अशा तक्रारी घेऊन पालक येतात. तपासण्या सगळ्या ठीक निघतात, आणि मग झोपेबद्दल विचारले की उत्तर येते पाच तास, कधी साडेपाच. या वयाच्या मुलांना रोज आठ ते दहा तास झोप लागते. अमेरिकन अॅकॅडमी ऑफ पीडिअॅट्रिक्सने २०१४ मध्ये मिडल आणि हायस्कूल सकाळी साडेआठच्या आधी भरवू नयेत अशी शिफारस केली, कारण पौगंडावस्थेत शरीराचे घड्याळच पुढे सरकते आणि मुलांना रात्री लवकर झोप येत नाही. कॅलिफोर्नियाने त्यावर कायदा केला आणि तो २०२२ मध्ये लागू झाला. बहुतेक राज्यांत मात्र अजून सातच्या सुमारास बस दारात येते.

म्हणून विषय ठरवताना मी पालकांना एक साधे काम सांगतो. कोऱ्या कागदावर मुलाच्या आठवड्याचे सात दिवस आखा आणि त्यात सर्वांत आधी झोपेचे आठ तास भरा. मग शाळा, प्रवास, जेवण, उपक्रम. जे तास उरतील ते गृहपाठाचे. एका एपीला रोज किती वेळ लागतो, हे त्या शाळेतल्या वरच्या वर्गातील मुलांना विचारा आणि तेवढ्याच तासांत जितके विषय बसतील तितकेच घ्या. बहुतेक घरांत हा तक्ता उलट भरला जातो आणि झोप शेवटी उरेल तेवढी मिळते.

प्लेन्सबरोकर

मी वेगळे मत मांडणार आहे आणि ते शांतपणे वाचले जावे अशी विनंती करतो. आमच्या न्यू जर्सीतील वेस्ट विंडसर-प्लेन्सबरो भागात हा वाद २०१५ मध्ये उघडपणे झाला. शाळांच्या प्रमुखांनी मुलांवरील ताणाबद्दल पालकांना सविस्तर पत्र लिहिले, हायस्कूलच्या सहामाही आणि वार्षिक परीक्षा बंद केल्या, काही रात्री गृहपाठमुक्त केल्या आणि चौथी-पाचवीतील वेगवान गणिताचा वर्ग बंद केला. त्यावर गावात जे दोन गट पडले, ते बऱ्याच अंशी आशियाई आणि गोरे पालक असे होते, आणि तो वाद वर्तमानपत्रांतही गाजला.

जे पालक विरोधात होते त्यांना मुलांची काळजी नव्हती, असे चित्र रंगवले गेले. ते अन्यायाचे होते. आमच्यापैकी बहुतेकांकडे या देशात नातेवाईक नाहीत, ओळखी नाहीत, आजोबा हार्वर्डला होते असे सांगायला कोणी नाही. गणित आणि विज्ञान ही एकच वाट आम्हाला ठाऊक होती आणि त्याच वाटेने आम्ही इथवर पोहोचलो. ती वाटच अरुंद केली तर आमची मुले कशाच्या बळावर पुढे जाणार, हा प्रश्न आम्हाला प्रामाणिकपणे पडला होता आणि आजही पडतो.

गोदाकाठ

प्लेन्सबरोकर, तुमची भावना मला पूर्णपणे समजते. पण तुम्ही ज्या अन्यायाबद्दल बोलता त्यावर जादा एपी हा उपाय होऊ शकतो का, हे आकडे पाहून ठरवावे असे वाटते. राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात एसएटी किंवा एसीटी या प्रवेशपरीक्षांचे गुण सारखे असतानाही सर्वांत श्रीमंत १ टक्का घरांतील मुले मध्यमवर्गीय मुलांच्या तुलनेत आयव्ही (हार्वर्ड, येल यांसारखी जुनी नामांकित खाजगी विद्यापीठे) आणि तत्सम विद्यापीठांत पोहोचण्याची शक्यता दुपटीहून अधिक असल्याचे दिसले. त्याची कारणे तीन: माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना मिळणारे झुकते माप, खेळाडूंची भरती, आणि अभ्यासेतर बाबींना दिलेले जास्त गुण. यांतली एकही गोष्ट सहावा एपी घेऊन भरून निघत नाही. ज्या संस्था माजी विद्यार्थ्यांशी असलेल्या नात्याला महत्त्व देत नाहीत त्यांचा विचार अधिक करावा, हे मात्र आपल्या हातात आहे. एमआयटी देत नाही, जॉन्स हॉपकिन्स आणि अॅमहर्स्टने ते बंद केले.

त्याच अभ्यासातील आणखी एक निष्कर्ष असा की अशा विद्यापीठात गेल्याने सरासरी उत्पन्नात लक्षणीय फरक पडत नाही. मात्र उत्पन्नाच्या अगदी वरच्या १ टक्क्यात पोहोचण्याची शक्यता सुमारे दीडपट होते. म्हणजे ज्याला वॉल स्ट्रीटच्या शिखरावर जायचे आहे त्याच्यासाठी नावाला वजन आहे. ज्याला चांगला इंजिनिअर, शिक्षक किंवा संशोधक व्हायचे आहे, त्याचे आयुष्य एका पत्रावर अवलंबून नसते.

शनिवारवाडा

पुण्याहून वाचतो आहे. इथे चित्र निराळे आहे. आयआयटीला जायचे तर जेईई अॅडव्हान्स्ड, वैद्यकीयला नीट. एका परीक्षेतला आकडा मिळाला की मुलाने शनिवारी काय केले हे कोणी विचारत नाही. आमच्या पिढीने लातूर पॅटर्नची मुले पाहिली आहेत, पहाटेपासून रात्रीपर्यंत घोकणारी. तिथे जास्त अभ्यास म्हणजे जास्त गुण, हे समीकरण बऱ्याच अंशी खरे होते. तुम्ही मंडळी तेच समीकरण सोबत घेऊन गेलात असे हा धागा वाचून वाटले. तिकडच्या प्रवेशपद्धतीत त्याची किंमत एका मर्यादेपर्यंतच आहे, हे पाऊलवाट यांच्या प्रतिसादातून पहिल्यांदा नीट कळले.

नांदेडकर

शनिवारवाडा, मी स्वतः त्याच पॅटर्नमधून आलो आहे आणि त्याने मला घडवले याबद्दल मी कृतज्ञ आहे. पण गोदाकाठ यांनी मांडलेला मुद्दा मान्य. आमच्या भागात आता नवीनच प्रकार सुरू झाला आहे: उन्हाळ्यात हजारो डॉलर भरून नामांकित विद्यापीठाच्या आवारात दोन आठवड्यांचा अभ्यासक्रम, किंवा पैसे देऊन कोणाकडून तरी शोधनिबंध लिहून घेण्याची सोय. पाऊलवाट ताई, याचा अर्जात खरेच उपयोग होतो का?

पाऊलवाट

विद्यापीठाच्या आवारात भरलेला प्रत्येक वर्ग हा त्या विद्यापीठाचा कौल नसतो. पैसे भरणाऱ्या जवळजवळ सर्वांना जिथे घेतात, तिथे जाऊन मुलाला काही शिकायला मिळाले तर उत्तम, पण प्रवेशासाठी म्हणून जाऊ नये. याउलट एमआयटीत होणारी आरएसआय ही उन्हाळी संशोधनशाळा निःशुल्क असते आणि तिची निवडच अत्यंत कठोर असते. तिचे वजन वेगळे. सतरा वर्षांच्या मुलाने पैसे देऊन छापून आणलेला निबंध अनुभवी वाचक पहिल्या परिच्छेदात ओळखतो. त्या पैशांत आणि त्या वेळात मुलाने दुकानात नोकरी केली तर तीही उपक्रमांच्या रकान्यात लिहिता येते आणि तिच्याकडे आदराने पाहिले जाते.

केवडा

सर्वांचे मनापासून आभार. पाऊलवाट यांनी सुचवल्याप्रमाणे आम्ही तिघेही काउन्सेलरला भेटलो. इतिहास एपी घेतला तर सर्वांत अवघड या पायरीवर निश्चित खूण करीन आणि सध्याच्या तीन विषयांवर बहुधा त्याखालच्या पायरीवर, असे त्यांनी मोकळेपणाने सांगितले. बाबांचा मुद्दा अगदीच निराधार नव्हता, हे त्यावरून मान्य करावे लागले.

बालवैद्य यांचा तक्ता मुलीने स्वतः भरला. इतिहासाचे वाचन त्यात बसते, फिजिक्स बसत नाही. शेवटी तिने बायोलॉजी, इंग्लिश आणि इतिहास हे एपी घेतले आणि कॅल्क्युलस बारावीवर ढकलून यंदा स्टॅटिस्टिक्सचा साधा वर्ग घेतला, कारण ओढ्यावरच्या नोंदींसाठी तिला तेच हवे आहे. बाबांनी संमती दिली, पण अट घातली की अर्जांच्या यादीत रटगर्ससह निदान तीन ठिकाणे अशी असावीत की जिथे प्रवेश जवळपास नक्की आहे आणि जिथे जायला ती आनंदाने तयार आहे. ही अट मला फार आवडली.

कण्हेर

उशिरा विचारते आहे. आमचा मुलगा सहावीत आहे. शाळेने त्याला सातवीत अल्जिब्रा वन देऊ केले आहे. एवढ्या लवकर याचा विचार करायला हवा का?

पाऊलवाट

कण्हेर, करायला हवा, कारण पुढचा बराचसा भार इथेच ठरतो. आठवीत अल्जिब्रा वन घेतले तर नववीत जॉमेट्री, दहावीत अल्जिब्रा टू, अकरावीत प्रीकॅल्क्युलस आणि बारावीत कॅल्क्युलस, असा क्रम कुठेही घाई न करता पूर्ण होतो आणि बहुतेक सर्व विद्यापीठांना तो पुरतो. सातवीत सुरुवात केली तर कॅल्क्युलस अकरावीत येते आणि बारावीत त्यापुढचे गणित आपल्या शाळेत आहे की नाही, हे आधी पाहावे लागते. मुलाला अपूर्णांक आणि ऋण संख्या हाताळताना अडखळायला होत असेल तर एक वर्ष थांबा. नसेल होत, आणि त्याला स्वतःला हवे असेल, तर जाऊ द्या. शाळेने घेतलेल्या चाचणीची उत्तरपत्रिका पाहायला मागा. एकूण गुण सांगतील, पण चूक नेमकी कोणत्या प्रकारच्या उदाहरणांत होते ते तुम्ही स्वतः पाहिलेले बरे.